कुलूप, किल्ली आणि कायदा

मुलांच्या खेळण्यांचा इतिहास हा प्रौढ वाचकांसाठीं निघणाऱ्या मासिकाचा विषय होऊं शकतो काय, असा प्रश्न कोणाच्या मनांत आला तर आम्हांस त्याचें नवल वाटणार नाहीं. परंतु समाजांतील मोठमोठे वाद पुष्कळ वेळां किरकोळ वस्तूंच्या निमित्तानेंच उपस्थित होतात. दूरदर्शन-संचास जोडून खेळावयाचीं जीं यंत्रें गेल्या पन्नास वर्षांत जगांत घरोघर गेलीं, त्यांच्या पाठोपाठ निरनिराळ्या देशांच्या न्यायालयांत एक वाद सारखा फिरत राहिला आहे. पैसे मोजून घरीं आणलेल्या वस्तूचा मालक कोण? विकणारानें तिला कुलूप घालून दिलें असेल, तर तें उघडण्याचा अधिकार कोणाचा? आणि तें उघडणारा प्रत्येक मनुष्य चोरच समजावा काय? ज्या घरांत पुस्तकें विकत घेतलीं जातात त्या घरास हे प्रश्न परके नाहींत; कारण आतां पुस्तकें, गाणीं आणि चित्रपटही कुलुपासकट विकले जाऊं लागले आहेत. खेळाच्या यंत्रांनीं ही वाट आधीं तुडविली, इतकेंच.

या यंत्रांस इंग्रजी शब्दानें कन्सोल म्हणतात. पूर्वीच्या कन्सोलमध्यें खेळ हा एका लहान डबीच्या रूपानें खोंचावा लागे. तिचें खरें नांव कार्ट्रिज. आपल्याकडील मुलें मात्र तिला सरसकट 'कॅसेट' म्हणत, व आम्हीही तोच शब्द येथें ठेवितों. अमेरिकेंतील अटारी कंपनीनें १९७७ सालीं जें यंत्र बाजारांत आणलें त्यास कुलूप असें कांहींच नव्हतें. १९७९ सालीं त्याच कंपनींतील कांहीं कुशल रचनाकार मोबदला व नांवलौकिक यांवरून नाराज होऊन बाहेर पडले, आणि त्यांनीं ॲक्टिव्हिजन नांवाची संस्था काढून अटारीच्याच यंत्रासाठीं स्वतंत्र खेळ विकावयास आरंभ केला. अटारीनें फिर्याद केली. १९८२ सालीं तडजोड झाली. आणि यंत्र एकाचें व खेळ दुसऱ्याचा हा प्रघात रूढ झाला. मग ज्याला सुचेल त्यानें खेळ काढावे असें होऊन बाजार सुमार मालानें भरून गेला. १९८३ सालीं तो बाजार कोसळला. अमेरिकेंतील या धंद्याची उलाढाल त्या वर्षीं सुमारें ३२० कोटि डॉलर होती, ती १९८५ पर्यंत दहा कोटींच्या आसपास उतरली असें सांगतात. अटारीनें न खपलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोंतील आलामोगोर्डो गांवाबाहेर खड्ड्यांत पुरल्या. २०१४ सालीं तो खड्डा उकरण्यांत आला, तेव्हां त्या खरोखरच तेथें सांपडल्या.

या नाशाकडे जपानमधील निन्टेन्डो कंपनी लक्षपूर्वक पाहत होती. तिनें आपलें फॅमिकॉम नांवाचें यंत्र जुलै १९८३ मध्यें जपानांत विक्रीस काढलें. त्यासही कुलूप नव्हतें. हा तपशील आपल्या दृष्टीनें महत्त्वाचा आहे. १९९० नंतरच्या दशकांत महाराष्ट्रांतील मध्यमवर्गीय घरांत दिवाळीच्या वा वार्षिक परीक्षेच्या निमित्तानें जीं 'टीव्ही गेम'चीं यंत्रें आलीं, तीं बहुतेक या बिनकुलुपी फॅमिकॉमच्या नकला होत. कॅसेटीवर शेंकडों, क्वचित् हजारों खेळांचा आंकडा छापलेला असे. प्रत्यक्षांत मोजकेच खेळ निराळ्या नांवांनीं पुन्हा पुन्हा येत. मारिओला उड्या मारावयास लावून ज्या पिढीचे अंगठे दुखले, त्या पिढीपैकीं फारच थोड्यांस आपण नकलेवर खेळत आहों याची कल्पना होती. मूळ यंत्राला कुलूप नसल्यानें काय होतें, त्याचें उदाहरण आपल्याच दिवाणखान्यांत होतें.

अमेरिकेंत १९८५ सालीं हेंच यंत्र नव्या रूपांत नेतांना निन्टेन्डोनें त्यांत एक कुलूप बसविलें. त्याची योजना मोठी चतुर होती. यंत्रांत एक लहान चिप आणि प्रत्येक कॅसेटींत तिची जोडीदार दुसरी चिप. यंत्र सुरू होतांच दोघी एकच गणित सुरू करीत व उत्तरें एकमेकींस कळवीत. उत्तरें जुळत राहिलीं तर खेळ चाले. न जुळलीं तर यंत्र दर सेकंदास पुन्हा आरंभापासून सुरू होई, आणि पडदा नुसता लुकलुकत राही. या चिपमधील आज्ञावलीचें नांव 'टेन-एन-ई-एस'. कॅसेटी निन्टेन्डोनेंच तयार करावयाच्या, परवानाधारकानें वर्षाकांठीं पांचच नवे खेळ काढावयाचे, आणि तो खेळ दोन वर्षें दुसऱ्या कोणत्याही यंत्रासाठीं द्यावयाचा नाहीं, अशा अटी या कुलुपाच्या जोरावर लादतां आल्या. कंपनीचें म्हणणें असें कीं, १९८३ ची नासाडी टाळावयाची तर मालाच्या दर्ज्यावर देखरेख हवीच. त्यांत तथ्य होतें. परंतु जें कुलूप नकलखोरास अडवितें तेंच प्रामाणिक प्रतिस्पर्ध्यासही अडवितें, ही गोष्ट येथें प्रथम उघड झाली.

पुढील सात वर्षांत हें कुलूप उघडण्याचे तीन प्रकारचे प्रयत्न झाले. त्या तिन्हींचे निकाल १९९२ या एकाच वर्षीं लागले, हा एक योगायोगच म्हणावयाचा.

पहिला प्रयत्न अटारी गेम्सचा. मूळ अटारीचे १९८४ सालीं जे तुकडे झाले त्यांपैकीं ही एक कंपनी. तिच्या तंत्रज्ञांनीं चिपचे थर रसायनांनीं सोलून आंतील रचना वाचण्याची खटपट केली. ती साधली नाहीं. डिसेंबर १९८७ मध्यें कंपनीनें निन्टेन्डोचा परवाना घेतला, पण कुलुपाचा शोध सोडला नाहीं. १९८८ च्या आरंभीं तिच्या वकिलानें अमेरिकेच्या कॉपीराइट कचेरीकडे अर्ज केला कीं, आमच्यावर या आज्ञावलीसंबंधानें दावा चालू असून बचावासाठीं तिची प्रत हवी आहे. वस्तुतः त्या वेळीं असा कोणताही दावा नव्हता. प्रत मिळाली, तिच्या साहाय्यानें किल्ली तयार झाली, आणि मग खरेखुरे दावे सुरू झाले. सप्टेंबर १९९२ मध्यें फेडरल अपील न्यायालयानें जो निकाल दिला तो दुधारी होता. कायदेशीर रीतीनें हातीं आलेली वस्तु उकलून तिच्यांतील कल्पना समजून घेणें हा 'वाजवी उपयोग' होऊं शकतो, असें न्यायालयानें स्पष्ट सांगितलें. परंतु खोटें बोलून मिळविलेल्या प्रतीस त्या तत्त्वाचा आसरा नाहीं, असेंही सांगितलें. अटारी गेम्सचा पराभव कुलूप उघडल्यामुळें झाला नाहीं; किल्ली लबाडीनें मिळविल्यामुळें झाला.

दुसरें प्रकरण गॅलूब या खेळणीं विकणाऱ्या कंपनीचें. तिनें 'गेम जीनी' नांवाचें एक उपकरण काढलें. तें यंत्र आणि कॅसेट यांच्या मध्यें बसे, आणि खेळांतील वीराचीं 'आयुष्यें' वाढविणें यांसारखे लहानसहान फेरफार करूं देई. कॅसेटींत कायमचा बदल कांहीं होत नसे. निन्टेन्डोनें हा स्वामित्वहक्काचा भंग म्हणून मनाईहुकूम मिळविला व वर्षभर विक्री बंद पाडली. चौकशीनंतर न्यायाधीशांनीं सांगितलें कीं, पुस्तकाचीं कांहीं पानें गाळून वाचणारा वाचक नवें पुस्तक लिहीत नाहीं. तसेंच हें आहे. ज्यानें खेळाची किंमत मोजली त्यानें आपल्या घरीं तो कसा खेळावा हें विकणारानें ठरवावयाचें नाहीं. मे १९९२ मध्यें अपिलांतही हाच निकाल कायम राहिला, आणि मनाईहुकुमासाठीं भरलेली दीड कोटि डॉलरची अनामत पुढें गॅलूबला मिळाली.

तिसरें प्रकरण आमच्या मतें सर्वांत उद्बोधक आहे. अकोलेड नांवाच्या एका कंपनीस सेगाच्या 'जेनेसिस' यंत्रासाठीं खेळ करावयाचे होते. सेगाची अट अशी कीं, अकोलेडचे सर्व खेळ सेगाच तयार करील. ती अकोलेडनें नाकारली. तिच्या तंत्रज्ञांनीं बाजारांतून एक यंत्र व तीन कॅसेटी विकत घेतल्या, त्यांतील आज्ञा वाचून यंत्राशीं संवाद कसा करावयाचा याचें टिपण केलें, आणि त्या टिपणावरून आपले स्वतंत्र खेळ लिहिले. तेवढ्यांत सेगानें नव्या यंत्रांत एक युक्ति घातली. कॅसेटींत ठराविक जागीं एस, ई, जी, ए हीं चार अक्षरें सांपडलीं तरच खेळ सुरू व्हावा, आणि तीं सांपडतांच 'हा खेळ सेगानें वा तिच्या परवान्यानें तयार केला आहे' अशी पाटी पडद्यावर यावी. अकोलेडनें तीं चार अक्षरें घातलीं कीं ती आपोआप खोटें बोलणारी ठरे. न घातलीं तर खेळच चालत नसे. खालच्या न्यायालयानें अकोलेडविरुद्ध हुकूम दिला. परंतु ऑक्टोबर १९९२ मध्यें अपील न्यायालयानें विचार केला कीं, ही पाटी मुळीं कोणाच्या हातून लागते? ती सेगाचेंच यंत्र लावतें. गैरसमजाची जबाबदारीही तिचीच. आणि यंत्राशीं जुळवून घेण्यास लागणारी माहिती दुसऱ्या कोणत्याही मार्गानें मिळत नसेल, तर त्यासाठीं मध्यंतरीं केलेली नक्कल हा वाजवी उपयोगच होय. तिच्यामुळें नव्या कृतींची भर पडते, आणि स्वामित्वहक्काचा कायदा मुळांत झाला आहे तो त्याचसाठीं.

या तीन निकालांत एक समान सूत्र आहे. न्यायाधीशांनीं कुलुपाकडे न पाहतां उघडणाराच्या हाताकडे पाहिलें. त्यानें काय घेतलें, कोणत्या मार्गानें घेतलें, कशासाठीं घेतलें? हें विचारून त्यांनीं एकास दोषी ठरविलें व दोघांस सोडलें.

परंतु लौकरच कायद्याचा रोख बदलला. डिसेंबर १९९६ मध्यें जिनीव्हा येथें जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या विद्यमानें एक करार झाला. लेखक व निर्माते आपल्या कृतींस जीं तांत्रिक कुलुपें लावतात तीं मोडण्याविरुद्ध प्रत्येक राष्ट्रानें तरतूद करावी असें त्यांत ठरलें, आणि १९९८ सालीं अमेरिकेनें तसा कायदा केला. पूर्वींचा कायदा कृतीचें रक्षण करी; हा कुलुपाचेंही करूं लागला. फरक वरवर लहान दिसतो. पण पूर्वीं वाजवी उपयोग करणारा निर्दोष ठरे. नव्या व्यवस्थेंत त्यास उपयोगाचा हक्क असूनही तेथवर पोंचण्याचा मार्गच गुन्हा ठरूं शकतो. ग्रंथालयांत बसून वाचण्याची मोकळीक द्यावी, आणि दार उघडणारास मात्र पकडावें, तशांतलाच हा प्रकार.

या नव्या कायद्याची एक कसोटी ऑस्ट्रेलियांत लागली. सोनी कंपनीचें प्लेस्टेशन डिसेंबर १९९४ मध्यें निघालें. त्यांत कॅसेटीऐवजीं तबकडी असे. तबकडीच्या आरंभींच्या भागांतील रेषा अतिसूक्ष्म प्रमाणांत डुलती ठेवून त्या डुलण्यांत चार अक्षरांचा संकेत दडविलेला असे. घरगुती यंत्रावर तबकडीची नक्कल करतां येई, पण तें डुलणें नकलेंत उतरत नसे. हा संकेत जपान, अमेरिका व युरोप यांसाठीं निरनिराळा होता. त्यामुळें टोकियोंत रीतसर पैसे देऊन घेतलेला खेळही सिडनीच्या यंत्रांत चालत नसे. 'मॉडचिप' नांवाची स्वस्त चिप यंत्रांत डांकली कीं ती स्वतःच हा संकेत पुरवी, आणि मग नक्कल, परदेशी खेळ व हौशी माणसानें स्वतः लिहिलेला खेळ, तिन्ही सारखेच चालत. सिडनींतील स्टीव्हन्स नांवाच्या इसमानें अशा चिपा बसवून दिल्या म्हणून सोनीनें त्याच्यावर दावा केला. प्रथम तो जिंकला, मग सोनी जिंकली, आणि शेवटीं ऑक्टोबर २००५ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें त्याच्या बाजूनें निकाल दिला. न्यायमूर्तींचें म्हणणें असें कीं, हें कुलूप नक्कल करण्यास अडवीतच नाहीं. झालेली नक्कल खेळण्यास तेवढें अडवितें. कायद्यांत रक्षण आहे तें चोरी रोखणाऱ्या साधनाचें. बाजाराचे तुकडे पाडणाऱ्या साधनाचें नाहीं. पुढें अमेरिकेशीं झालेल्या व्यापारी करारामुळें ऑस्ट्रेलियानें २००६ सालीं कायदा कडक केला. तरी देशोदेशींच्या बाजारांच्या भिंती राखणाऱ्या कुलुपांस तिनें त्या रक्षणांतून वगळलें. या वादाचें एवढें फळ टिकलें.

दुसरी कथा त्याच सोनीच्या प्लेस्टेशन-३ ची. २००६ सालीं हें यंत्र विकतांना त्यांत लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली बसवितां येते, अशी सोय कंपनीनेंच दिली होती. विद्यापीठांनीं तिचा उपयोग केला. अमेरिकेच्या वायुदलानें तर सतराशेंच्या वर प्लेस्टेशनें जोडून एक महासंगणक उभारला. मग १ एप्रिल २०१० रोजीं कंपनीनें सुरक्षिततेचें कारण सांगून ही सोय काढून घेतली. ज्यास ती ठेवावयाची असेल त्यास नवे खेळ व जाळ्यावरील खेळ सोडावे लागत. विकलेल्या घराची एक खोली विकणारानें चार वर्षांनीं येऊन बंद करावी, असें हें झालें. पूर्वीं ज्या यंत्राकडे कुलूप उघडणारांचें फारसें लक्ष नव्हतें, त्याच्यामागें ते आतां लागले. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत बर्लिन येथील परिषदेंत कांहीं तंत्रज्ञांनीं दाखविलें कीं, सोनीच्या कुलुपांत एक हास्यास्पद चूक आहे. आज्ञावलीवर कंपनीची गणिती सही करतांना प्रत्येक वेळीं नवी यदृच्छ संख्या घ्यावी लागते. सोनीनें प्रत्येक वेळीं तीच संख्या घेतली होती. दोन सह्या म्हणजे दोन समीकरणें, आणि अज्ञात संख्याही दोनच. शाळेंतल्या बीजगणितानें गुप्त किल्ली हातीं येते. जानेवारी २०११ मध्यें जॉर्ज हॉट्झ या एकवीस वर्षांच्या तरुणानें यंत्राची मूळ किल्ली प्रसिद्ध केली, आणि सोनीनें त्याच्यावर दावा लावला. त्याच्या संकेतस्थळास कोणीं भेट दिली हें शोधण्याचीही परवानगी तिनें न्यायालयाकडून मिळविली. थोड्याच महिन्यांत तडजोड होऊन त्यानें पुन्हा असें न करण्याचें मान्य केलें. तिकडे सोय काढून घेतल्याबद्दल ग्राहकांनीं लावलेला दावा मात्र वर्षानुवर्षें चालला, आणि शेवटीं कंपनीस भरपाई द्यावी लागली. दोन्ही पक्षांपैकीं पहिला करारभंग कोणाचा, हें वाचकांनींच ठरवावें.

येथवर वाचून आम्ही चोरांचें वकीलपत्र घेतलें आहे असा कोणाचा ग्रह होऊं नये. एक खेळ तयार करण्यास शेंकडों माणसांचीं वर्षें लागतात. तो फुकट लुटणारा इसम कोणा अजस्र कंपनीबरोबरच त्या लेखकांच्या, चित्रकारांच्या व गायकवादकांच्या घासावरही हात टाकतो. निन्टेन्डोच्या यंत्रांचीं कुलुपें उघडणारीं साधनें विकून चोरीचा पद्धतशीर धंदा करणाऱ्या एका टोळींतील कॅनडाच्या नागरिकास फेब्रुवारी २०२२ मध्यें अमेरिकेंत चाळीस महिन्यांची कैद झाली. शिक्षा किती असावी यावर मतभेद होऊं शकेल. गुन्ह्याच्या स्वरूपाबद्दल होऊं नये. आमचें म्हणणें एवढेंच कीं, या धंदेवाइकास, आपल्या यंत्रावर लिनक्स चालवूं पाहणाऱ्या विद्यार्थ्यास आणि जुने खेळ जपूं पाहणाऱ्या ग्रंथपालास एकाच रांगेंत उभें करूं नये.

या ग्रंथपालाची अडचण सर्वांत मोठी आहे. अमेरिकेंतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेनें २०२३ सालीं दाखविलें कीं, त्या देशांत २०१० पूर्वीं प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकीं ८७ टक्के आज कोणत्याही दुकानांत विकत मिळत नाहींत. १९८५ सालीं तेथें एखाद्या कंपनीनें काढलेल्या खेळाचा स्वामित्वहक्क प्रसिद्धीपासून ९५ वर्षें, म्हणजे २०८० सालच्या अखेरपर्यंत चालेल. तोंवर त्या चिपा व तबकड्या टिकतील याचा कांहीं भरंवसा नाहीं. आणि मुदत संपली तरी कुलूप आपण होऊन उघडत नाहीं. जपून ठेवलेले, बाजारांतून गेलेले खेळ दूरच्या अभ्यासकांस दाखविण्याची मुभा ग्रंथालयांनीं मागितली, ती तेथील कॉपीराइट कचेरीनें ऑक्टोबर २०२४ मध्यें नाकारली. जुन्या पोथ्या वाळवीनें खाल्ल्याची हळहळ आपण करतों. येथें वाळवी लागण्याआधींच पेटीला कुलूप आहे, आणि किल्ली ज्याच्यापाशीं होती तो धंदा सोडून गेला आहे.

आपल्या देशांत काय स्थिति आहे हें सांगून हा लेख पुरा करूं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत १९९९ सालीं एक तरतूद घालण्यांत आली. स्वतंत्रपणें लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या आज्ञावलीशीं जुळावी म्हणून लागणारी माहिती अन्य मार्गानें सहज मिळत नसेल, तर ती मिळविण्यासाठीं केलेलें कृत्य हा हक्कभंग नव्हे, असें ती सांगते. म्हणजे अकोलेडला जें झगडून मिळालें तें आपल्याकडे कायद्याच्या पोथींतच आहे. २०१२ सालीं ६५-अ हें कलम आलें. कुलूप मोडणारास त्यानें दोन वर्षांपर्यंत कैद व दंड सांगितला आहे. परंतु एक अट घातली आहे, कीं कृत्य हक्कभंगाच्या उद्देशानें झालेलें असलें पाहिजे. कायद्यानें मना न केलेल्या कामासाठीं कुलूप उघडण्यास हरकत नाहीं. मात्र तें दुसऱ्यासाठीं उघडून देणारानें त्या माणसाचें नांव, पत्ता व उद्देश नोंदवून ठेवावा. आपल्या गांवचा किल्लीवाला अनोळखी माणसास चावी करून देण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारतो, तसेंच हें आहे. जिनीव्हाच्या करारांत हिंदुस्थान २०१८ सालीं सामील झाला. तरी हें कलम तसेंच आहे.

व्यापारी करारांच्या वाटाघाटींत असलीं कलमें कडक करण्याचा आग्रह बलाढ्य राष्ट्रें धरतात, हें ऑस्ट्रेलियाच्या उदाहरणांत आपण पाहिलें. उद्यां तसा आग्रह आपल्याकडे झाला, तर 'उद्देशानें' हा एक शब्द गाळला जाईल, आणि तें वर्तमानपत्रांत कोपऱ्यांतल्या चार ओळींचें वृत्त असेल. तेव्हां तें आपल्या वाचकांच्या दृष्टीस पडावें, आणि आपल्या कपाटांतील, यंत्रांतील व ग्रंथालयांतील वस्तूंशीं त्याचा काय संबंध आहे हें त्यांस आठवावें, एवढ्यासाठीं या खेळण्यांचा इतिहास आम्हीं इतक्या विस्तारानें सांगितला.